कात्रीवाल्या चौदा जणींचे हात

सकाळी साडेदहा. वडनेरजवळचं, शाळेचे गणवेश शिवणारं एक केंद्र. चहाची सुट्टी. एका छोट्या बातमीसाठी मी तिथं गेलो होतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा नवा किस्सा हाती लागला. वही भरली, संताप काही सरत नाही!

त्या दिवशी कापड कापणाऱ्या चौदाही बाया ओळीनं उभ्या राहून हात झटकत होत्या. बोटांना मुंग्या आल्या की हाच इलाज. तेवढ्यात पाहणीला आलेले एक साहेब दारात थबकले. "वा! कामाच्या ठिकाणी योगा! फोटो घ्या रे!"

फोटो छापून आला. आमच्याच पेपरात!

कांताताई त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या. दिवसभर हातात जड कात्री. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, चहाचा कपही सुटायचा. गावच्या डॉक्टरनं मानेचं दुखणं ठरवलं आणि दोन महिने गळ्यात पट्टा घातला. मी विचारलं, "काही फरक?"

"हाय ना भाऊ! दुखते हात अन् पट्टा मानेले. आता खाली वाकून कापडही दिसत नाई!"

मग कुणीतरी सांगितलं, नस चढली असेल. हिंगणीकडचा एक जण नस बसवतो म्हणे. त्यानं मनगट रगडलं आणि वर काळा दोरा करकचून बांधला. आधीच दबलेली नस, त्यावर हा फास! संध्याकाळी हात सुजला. आयुष्यभर कापड कापलेल्या बाईला तो दोरा कापता येईना. शेवटी सासूनं कापला.

सुपरवायझरचं निदान वेगळं. "दिवसभर मोबाईल पाहता, मग हात दुखतीलच ना!" कांताताईंनी त्याच्या हाताकडं पाहिलं. "सर, मोबाईल तुमच्या हातात, अन् मुंग्या माह्या हातात काऊन?"

चौदाही जणी हसल्या. सर हसला नाही. त्या दिवशी कांताताईंच्या टेबलावर कापडाची दोन थानं जास्तीची आली.

अखेर मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "करंगळीला मुंग्या येतात?"

"नाई."

त्यांनी मनगट वाकवून धरलं. मिनिटभरात बोटं बधिर झाली. मशीनवर नसेची तपासणीही झाली. "मनगटात अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस दबलीय, ती करंगळीला जात नाही. पट्टी लावा, कात्री बंद. आणि हे बघा, अंगठ्याखालचं मांस सुकायला लागलंय. लहानसं ऑपरेशन आहे, पण लवकर करा. नाहीतर हाताची पकड परत येईलच असं नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हाताकडं नीट पाहिलं होतं! पण केसपेपरवर काय? व्यवसाय: गृहिणी. मी खिडकीवर जाऊन जाब विचारला. कारकून म्हणाला, "बाईमाणूस असलं की तेच लिहितो साहेब. लाईन केवढी आहे, पाहून राह्यले ना?"

लिहून टाकलं! त्या कागदावर कात्रीच नाही, तर केंद्र कशाला ऐकतं?

कांताताईंनी केंद्राकडं एवढंच मागितलं होतं: ऑपरेशनपुरती सुट्टी आणि परतल्यावर कात्रीऐवजी घड्या घालायचं काम. केंद्र म्हणालं, हा त्रास कामामुळं नाहीच. मी बातमी छापली. चौकशी लागली. चौकशीचे साहेब आले, चौदाही जणींना एकेक करून आत बोलावलं आणि अर्ध्या तासात गेले.

"काय विचारलं?" मी कांताताईंना म्हणालो.

"काईच नाई. मले पेन देल्ला, तो तीनदा पडला. साहेब म्हणे, राहू द्या बाई, अंगठा लावा, हजेरीचाच कागद हाय."

तो कागद मी मिळवला. त्यावर लिहिलंय, 'आम्हाला हाताचा कोणताही त्रास नाही.' त्याच्याच जोरावर कांताताईंचा अर्ज फेटाळला गेला. जागा जाईल या भीतीनं त्या ऑपरेशनला गेल्या नाहीत. आजही कात्री धरतात.

कामावर लागतानाच्या चौदाही अर्जांवर चौदा जणींच्या ठसठशीत सह्या आहेत. चौकशीच्या कागदावर चौदा अंगठे.