आत्ता किती जण आहेत

मलकापूरला माझं नेट कॅफे होतं. बीटी कपाशीनं दगा दिला आणि आसपासच्या गावांतली पोरं सुरत-पुण्याकडे पांगली, त्याच सुमारास एक गृहस्थ येऊ लागले. एका खेड्यातल्या लहानशा चर्चमध्ये ते प्रार्थना चालवायचे; पोरं गेल्यापासून तिथले बाक रिकामेच असायचे. चप्पल दाराबाहेर काढायचे आणि टोपी मांडीवर ठेवून कॉम्प्युटरसमोर बसायचे. त्यांच्या प्रार्थनांची वेबसाइट मीच बनवून दिली होती.

एकदा म्हणाले, "याच्यावर आकडा लावून द्या."

आजवर किती लोक येऊन गेले ते दाखवणारा काउंटर मी लावायला घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. "येऊन गेलेले नाही पाह्यजेत मले. आत्ता किती जण बसून हायेत, ते दिसू द्या."

तसा लावला. आकडा आला, एक.

"हे तुम्हीच," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण आकड्यावरची नजर काढली नाही. प्रार्थनेची घंटा वाजवून झाल्यावर माणूस रस्त्याकडे पाहत राहतो, तसे पाहत होते.

नीट चालतंय का बघायला मी शेजारच्या मशीनवर तेच पान उघडलं. एकाचे दोन झाले. ते चटकन उभे राहिले, हात जोडले. "कोन असन हो? सुरतवाला असन?"

"नाही हो, मीच आहे."

ते परत खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "मंग तुमी तरी बसा ना थोडं."

आता मी पुण्यात असतो. ते पुन्हा भेटले नाहीत. ते पान मात्र मी चालू ठेवलंय. रविवारी उघडतो. आकडा एक दाखवतो. तो मीच, हे ठाऊक असतं. तरी थोडं बसतो.