न धरणारा आंबा

आठवणींचं पुस्तक बाबांपाशी येऊन अडलं होतं. डहाणूची वाडी लिहून झाली, चिकूचे हंगाम झाले, चिंचणीहून येणारी सुकी मासळीही झाली. बाबा दारातून आत आले की हात थांबायचा. कलमं पोरांसारखी जपणारे, गावात कधी आवाज न चढवणारे बाबा मी कितीदा तरी लिहिले आणि फाडून टाकले. खोटं होतं ते. घरात ते आईला मारायचे. वाक्य मला ठाऊक होतं, पण आई जिवंत असताना ते लिहायचं कसं? बाबा गेल्यावरही तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

कुणी विचारलं, ‘पुस्तक कुठवर आलं?’ की त्याचं थोबाड फोडावंसं वाटे. एकदा चहाचा कप भिंतीवर फेकला. आईने गुपचूप काचा वेचल्या, आणि मला तिचाच राग आला.

विहिरीजवळचा आंबा कित्येक वर्षं फळ धरत नव्हता. अशा झाडाला आमच्याकडे दम देतात. एकाने कुऱ्हाड उगारून ‘तोडूनच टाकतो’ म्हणायचं, दुसऱ्याने हात जोडून झाडासाठी विनवणी करायची. कुऱ्हाड बुंध्याला नुसती टेकवायची, तीही उलट्या बाजूने. पूर्वी कुऱ्हाड बाबांकडे असे, विनवणी आईकडे. यंदा आईने कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

“तोडूनच टाकते,” मी म्हटलं आणि म्हणता म्हणता डोकं फिरलं. इतक्या महिन्यांचा संताप मनगटात उतरला. पातं सालीत रुतलं. उपसलं, पुन्हा घातलं. ढलप्या उडाल्या, चीक गळायला लागला. “खोटारडे! खोटारडे!” मी ओरडत होते, आणि ते काही झाडाला नव्हतं. आणखी एक घाव. आणखी एक. विनवणी काही ऐकू येईना, म्हणून वळून पाहिलं.

आई जमिनीवर उकिडवी बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं तोंडापुढे, डोळे गच्च मिटलेले. पुढचा फटका कुठे बसणार, हे तिच्या अंगाला अजून पाठ होतं.

कुऱ्हाड माझ्या हातातून गळाली. “आई, मी आहे गं. मी.”

तिने डोळे उघडले, उठली, लुगड्याची माती झटकली. “येडी झालीस काय गं बाय? मरेल ना तो आंबा!” म्हणाली आणि घरात गेली.

मी तशीच ओटीवर बसले आणि लिहायला लागले. तळव्यांना फोड आले होते, अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण हात थांबला नाही. मनातून मी त्या माणसाला बुकलून काढत होते. दिवस कलायच्या आत आमच्या घरातली तेव्हाची एक दुपार कागदावर आली.

आता ते आईला दाखवणं भाग होतं. तिच्या अंगावर पडलेला मार तिला न विचारता मी जगाला कशी दाखवणार? ती पडवीत चिकू निवडत होती. ‘नको’ म्हणाली असती तर अख्खं पुस्तक मी चुलीत घातलं असतं. मी दारात उभी राहून पहिलंच वाक्य वाचलं.

“बाबा आईला मारायचे.”

तिचे हात थांबले. मग हातातला चिकू तिने बाजूला ठेवला.

“कशाने, ते नाही लिहिलंस,” ती म्हणाली.