दीड बोट

वाफवलेला बन योंगफा आता दातांनी तोडत नाही. बोटांनी चिमटून चिमटून तोंडात सरकवतो. वसंतात बापाच्या थडग्याची झाडलोट करून सगळे जेवायला बसले, तेव्हा त्याच्या आईच्या, शूफेनच्या, हे लक्षात आलं. तेव्हापासून ते तिच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बापही असाच खायला लागला होता. मग तोंडाचा कॅन्सर निघाला, अर्धा जबडा काढला, आणि वर्षभरात तो गेलाच.

तरीही पिंगतुंगच्या हमरस्त्यावरची सुपारीची टपरी तिने चालूच ठेवली. ओली हिरवी सुपारी चिरायची, चुना लावायचा, पानात गुंडाळायची. त्यावरच योंगफा वाढला. आता पस्तिशीचा आहे, वाळूचा ट्रक चालवतो आणि रोज सकाळी सहाला पहिली डबी आईच्याच हातची नेतो.

आज तिने डबी हातात घट्ट धरून ठेवली.

"आधी तोंड उघड. एकावर एक तीन बोटं घाल बघू, जबडा तेवढा उघडायला हवा."

"मी काय घोडा आहे, आई? दात बघून विकणार आहेस?"

"घाल म्हणते ना!"

त्याने हसत हसत घातली. दुसरं बोट अर्ध्यावर अडकलं. हसूही तिथंच अडकलं.

"तोंड तपासून घे रे. फुकट असतं, दोन मिनिटांचं काम."

"बाबांनी तपासून घेतलं, तिथूनच तर सगळं सुरू झालं. बघितलंच नाही तर काही नाही."

"त्यांनी फार उशीर केला होता!"

"आणि तू गं? अख्ख्या गावाला विकतेस, अन् शहाणपण मला?"

 तिचा हात आपोआप पुढे गेला. डबी घेऊन तो निघूनही गेला.

आपणच दिली. पुन्हा आपणच.

आरोग्य केंद्रातली छाई नर्स तीन वर्षं विनवत होती, "मावशी, तोंडाच्या तपासणीची गाडी तुमच्या टपरीशेजारी लावू द्या. सगळे ड्रायव्हर इथंच तर थांबतात." शूफेन दरवेळी तिला पिटाळायची, "माझं गिऱ्हाईक पळवायला आलीस होय!"

पळू देत. योंगफा दवाखान्याची पायरी चढणार नाही, पण इथं सहाला येतोच. चाखून चाखून चाळीस वर्षं सुपारी विकली. गाडीत पहिलं तोंड आपणच उघडायचं, त्याच्यादेखत. आईला आत एकटं सोडून तो जाईल? जाईलही कदाचित. कदाचित उशीरही झाला असेल.

चुन्याच्या डब्यावर छाईने चिकटवलेला नंबर चुन्याने अर्धा झाकला होता. शूफेनने तो ओल्या फडक्याने स्वच्छ केला आणि फोन उचलला.