मणक्याचा टीबी आणि इंग्लंडचा दादा

"तुमच्या मणक्यात टीबी आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मला मरण आठवायच्या आधी इंग्लंडमधला माझा थोरला भाऊ आठवला. आता त्याला बोलायला आयतंच मिळणार होतं.

मी सुनंदा, माले गावची. घरीच शिवणकाम करते. पाठ दुखायची तेव्हा सगळे म्हणायचे, मशीनवर वाकून बसतेस म्हणून. मीही तेच धरून चालले. मग संध्याकाळची कणकण यायला लागली, अंग उतरलं, आणि एका सकाळी पाय बधिर. नवऱ्याने टेम्पोत निजवून बावधनच्या दवाखान्यात आणलं. खड्ड्याखड्ड्याला मी ओरडत होते.

एमआरआय झाला, म्हणजे मोठ्या नळीत निजवून चुंबकाने पाठीच्या आतलं चित्र काढतात. आवाज फार होतो, घाबरू नका. मग बायोप्सी, म्हणजे दुखऱ्या जागेचा कण सुईने काढून तपासणं. सगळ्यात अवघड काय, तर रिपोर्टची वाट बघत बाकड्यावर बसणं.

दादाला फोन केला. "तिकडे राहून दुसरं काय होणार? ती हवा, ते पाणी. त्याला लाइफ म्हणतात का?" तो म्हणाला. ते मी गिळलं. पण पुढच्या सुट्टीत तो बायकामुलांना घेऊन आला, आणि आमच्याकडे उतरलाच नाही. हॉटेलात राहिला. वर भावकीला सांगून गेला, सुनंदाच्या हातचं खाऊ नका, तिचा हात लागलेलं अंगावर घालू नका.

बायकांनी ब्लाउज शिवायला देणं बंद केलं. मी मशीनवर चादर टाकली.

कमरेला पट्टा, सकाळी उपाशीपोटी गोळ्या. त्या गोळ्यांनी लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. मळमळतं, तरी एकही दिवस चुकवू नका. गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई आठवड्याला येऊन विचारपूस करायची. पण मला बळ आलं ते रागाने. दादापुढे ताठ उभं राहायचं होतं.

गोळ्या संपल्या, पाय बरे झाले, आणि दादाचाच फोन आला. खुब्याचा सांधा झिजलेला. तिकडे ऑपरेशन फुकट, पण नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना. "तुझ्या त्या मॅडम कशा आहेत गं?"

तो इकडे आला, आणि मी त्याला त्याच दवाखान्यात नेलं. सांधा बदलला. भेटायला चुलती आणि वहिन्या आल्या, तेव्हा मी मुद्दाम मॅडमच्या राउंडची वेळ साधली.

"मॅडम, माझा टीबी माझ्या हातचं खाऊन, मी शिवलेलं घालून कुणाला लागला असता का?"

"छे. फुप्फुसातला टीबी खोकल्यातून पसरतो. तुमची छाती स्वच्छ होती. ताटातून, कपड्यातून तर कुठलाच टीबी लागत नाही."

"ऐकलंस का, दादा?"

"सुनंदे, हितं नगं." दुखण्यात त्याची गावची बोली परत आली होती.

"हितंच. तू सांगितलंस तवा हीच माणसं होती."

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "चुकलं माझं." चुलतीने पदर तोंडाला लावला. मला वाईट वाटलं नाही. लई बरं वाटलं.

मग तो माझ्याच घरी राहिला. वॉकर घेऊन चालायला जागाच नव्हती. दाराबाहेर थेट रस्ता, त्यावर डंपर. "तिकडे दारापासून फुटपाथ आहे," तो म्हणाला. यावेळी हिणवत नव्हता, आणि ते खरंच होतं. माझे पाय सुधारत होते तेव्हा मलाही चालायला कुठे मिळालं? तिकडे चालायला वाट आहे, इकडे डॉक्टर लवकर भेटतो. आजारी माणसाला दोन्ही लागतं. ज्याच्याकडे एक आहे त्याने दुसऱ्याला नावं ठेवू नयेत.

मॅडमचे आणि आशाताईचे उपकार मी विसरणार नाही. आजाराने मला माफ करायला शिकवलं, असं मात्र लिहिणार नाही. तुम्हालाही कुणी असं वाळीत टाकलं, तर डॉक्टरांना चारचौघांत विचारा.

परवा दादाने तिकडून फोनवर विचारलं, "अजून राग हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "पाय कसा हाय?"