जन्मल्यावर लगेच रडली का?

अंगणवाडीची बाई ओळखीची, म्हणून मी दार उघडलं. तिच्या मागे पणजीहून आलेली एक मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात इंग्रजी छापलेले कागद. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची नोंदवही करायची आहे, म्हणाली. मेंदूला इजा होऊन ज्यांचे हातपाय आखडतात ती मुलं. माझी थोरली तशी आहे. सहा वर्षांची झाली, अजून धरून बसवावी लागते.

मी चौथीपर्यंत शिकले. मराठी वाचते, इंग्रजीतले फक्त आकडे. ती पोर काय लिहून नेणार ते मला कळणार नव्हतं.

सासूबाई थोरलीला मांडीवर धरून दारातच बसल्या होत्या. "कित्याक व्हयां तुमका आमच्या चेडवाचां नाव?"

"व्यायाम कुठे सुरू करायचे, बूट किती लागतील, ते ठरवायला, आजी."

"खाणवालेय असेच लिवन घेवन गेले. धूळ खंय पडता ती बघतंव म्हणाले. परत कोण इलो?"

ती हसली. मला हसू आलं नाही. फोटो कशाला? नवऱ्याशी लग्नाआधी रक्ताचं नातं होतं का, हे कशाला? धाकटी मुलगी तीन वर्षांची, अंगणात पळत होती. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी कुणी हा कागद पुढे केला तर?

मग तिने विचारलं, "ताई, जन्मल्यावर बाळ लगेच रडलं का?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी दोडामार्गकडे आईकडे गेले होते. पहाटे कळा सुरू झाल्या. आई गाडी बोलवायला निघाली, मीच तिचा हात धरला. दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतो असं ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोडं थांब, थोडं थांब, करत दुपार केली. शेवटी तिथल्या दवाखान्यात पोचलो, पोर जन्मली ती निळी. रडायला तिने खूप वेळ लावला. आईने सगळ्यांना सांगितलं, "गाडी बोलवायला मलाच उशीर झाला." सासूबाई तिला त्यावरून इतकं बोलल्या की ती आता आमचा उंबरा चढत नाही.

"रडली. लगेच," मी म्हटलं. कुठे जन्मली? "डिचोलीत." दोडामार्गला कुणी विचारलं तर गाडी मी थांबवली ते बाहेर पडलं असतं. दवाखान्याचा कागद? "वाळवीने खाल्ला."

त्या दोघी वळणापलीकडे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरात खंय वाळवी नाय, आणि कागदाकच बरी लागली!"

दोडामार्गच्या दवाखान्याचा कागद ट्रंकेत होता, लुगड्याच्या घडीत. तेव्हापासून सासूबाई ट्रंकेकडे बघतात असं मला वाटायचं. ट्रंकेवर मी शिलाई मशीन आणून ठेवलं.

महिन्याभराने अंगणवाडीची बाई निरोप घेऊन आली. डिचोलीतल्या दवाखान्यात जन्माची नोंद सापडत नाही. बाळ लगेच रडलं असेल तर आजार दुसरा असू शकतो, घराण्यातला. दोन्ही मुलींचं रक्त तपासायचं आहे. तोवर थोरलीचं नाव बाजूला ठेवलंय, व्यायामाला इतक्यात बोलावणार नाहीत.

धाकटीच्या दंडात सुई, तीही माझ्या खोट्यापायी. दुसऱ्या दिवशी मी मशीन हलवलं, कागद ब्लाउजात घातला आणि थोरलीला कडेवर घेऊन बस पकडली.

डिचोलीच्या आरोग्य केंद्रात पणजीची तीच मुलगी बसली होती. कागद वाचून तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आईनं नाही, मी थांबवलं होतं. तेही लिहा."

"त्याला यात जागा नाही, ताई. उशिरा रडली, एवढंच पुरे."

"मग ते मराठीत लिहा."

तिने इंग्रजी ओळीखाली देवनागरीत लिहिलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, पुन्हा वाचलं. हे कोण कोण बघणार, मी विचारलं. बाहेर कुणालाच नाव दाखवत नाहीत, म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. तरी दर मंगळवारी व्यायामाला आणा म्हणाली, तेव्हा मी मान हलवली.

परत येताना बसमध्ये माझा हिशोब चालला होता. मंगळवारी शिवणकामामुळे मला जमलं नाही तर सासूबाई येणार. फाइल टेबलावर उघडी असणार. कुणीतरी 'उशिरा रडली' मोठ्याने वाचणार, आणि त्या पुन्हा माझ्या आईलाच बोलणार.

सासूबाई मागल्या दारी फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. "कित्याक गेल्ललंस?"

मी पोरीला चटईवर निजवलं. उभ्या उभ्याच सांगून टाकलं. डॉक्टरची लाज, आईचा धरलेला हात, दुपार, सगळं.

त्या रागावतील म्हणून मी भिंतीला टेकले होते. त्यांनी हातातली आठळी सोलून पुरी केली, ताटात टाकली.

"मगे इतकी वर्सां तुज्या आवशीक माज्या गाळी कित्याक खावंक दिलंस?"

मी खाली बसले आणि आठळ्या सोलायला घेतल्या. ताट भरत आल्यावर त्या चटईवरच्या पोरीकडे बघून म्हणाल्या, "मंगळवारी मी व्हरतंय चेडवाक. तू आवशीकडे जा."