सी खाली करायची आहे

चहा घ्या, मग सांगतो. मूर्खपणा माणूस रोज थोडाथोडा करतच असतो. मी एका रविवारी वर्षभराचा एकदम उरकला. लोक म्हणतात, आता आठवून हसू येत असेल. नाही येत. नुसतं दमायला होतं.

तेव्हा आम्ही सुरतला पर्वत पाटियाजवळ राहायचो. मी पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायचो. मिलच्या सगळ्या रंगांची कृती त्यात होती. कुठल्या साडीला कुठला रंग किती घालायचा, ते. मशीन म्हणजे म्हातारं धूड. चालू केलं की आधी घरघरायचं, मग विचारात पडायचं. त्यात शेठना कुणीतरी सांगितलं की नवी सिस्टिम आलीये, चित्रावर टिचकी मारली की काम होतं.

"वाणीभाई, आपणे पण नाखो," शेठ म्हणाले. नाखो म्हणजे टाका. टाकणार कोण? मी. कधी? माझ्या सुट्टीच्या दिवशी. ते धूड मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो.

कॉम्प्युटरच्या पोटात दोन कप्पे होते. एकाला म्हणायचं सी, दुसऱ्याला डी. नवी सिस्टिम बसणार सी मध्ये, म्हणून आधी सी रिकामी करायला हवी. नक्की कशी, ते बारडोलीच्या माझ्या मित्राला, मिश्राला, माहीत. मिश्राला विचारायला फोन हवा. आणि फोन होता जमनाबेनकडे, आमच्याच सोसायटीत, समोरच्या सी बिल्डिंगच्या तळमजल्यावर.

लाइन खराब होती, म्हणून मी घसा फोडून बोलत होतो.

"मतलब सी पूरा खाली करना पडेगा? सब डी में डाल दूँ? हाँ, पुराना हो गया है, लोड नहीं लेगा. आज ही करता हूँ भाई, कल बैठ गया तो?"

फोन ठेवला. जमनाबेन पापडीच्या शेंगा सोलत होत्या, त्यांचे हात थांबले होते. मी "आवजो" म्हणून निघालो.

इथे एक सांगायला हवं. मी सोसायटीचा मंत्री होतो. तिकडे सेक्रेटरीला मंत्री म्हणतात. हौस नव्हती हो, मीटिंगला वेळेवर गेलो आणि सापडलो. पण त्यामुळे माझा शब्द म्हणजे सरकारी शब्द झाला होता.

घरी जेवण उरकलं आणि कामाला बसणार, एवढ्यात दारात भिलाभाऊ. आमच्या धुळ्याकडचे, पॉवरलूमवर कामाला, सी बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. चेहरा उतरलेला.

"भाऊ, जमनाबेन सांगत होती. सी खाली करनी पडी का?"

मला वाटलं, अरे वा, माणसाला कॉम्प्युटरची गोडी लागली. मी अगदी समजावून सांगितलं.

"करावीच लागेल भिलाभाऊ. जुनी झालीये, भार सोसत नाही. कामाचं तेवढं आधी डी मध्ये हलवायचं, बाकी फेकून द्यायचं."

"आन मंग सी?"

"ती पुसून टाकायची. तिथंच नवीन बसवायची."

"वेळ किती शे?"

"संध्याकाळपर्यंत उरकलं म्हणजे बरं."

ते कठड्याला धरून जिना उतरले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मी दार लावून बसलो. रंगांच्या फायली डी मध्ये टाकायच्या, सी मधून काढायच्या. म्हातारं एकेक फाईल चघळत होतं. काम संपलं तसा खुर्चीतच माझा डोळा लागला.

जाग आली ती धडधडीने. खिडकीतून पाहिलं तर खाली अंगणात लोखंडी कपाटं, गाद्या, गॅसच्या टाक्या, कुणाचं देवघर. सी बिल्डिंगच्या जिन्यातून माणसं उतरत होती आणि शेजारच्या डी बिल्डिंगच्या जिन्यात चढत होती. डी च्या दारात तिथलेच राहणारे रतिलालभाई हात आडवे लावून उभे होते. "मारे त्यां जग्या नथी," असं ते प्रत्येकाला सांगत होते, आणि प्रत्येक जण त्यांच्या हाताखालून वाकून आत जात होता.

मी धावत खाली गेलो. "काय चाललंय?"

"तुम्हीच तर सांगितलं," भिलाभाऊ म्हणाले. डोक्यावर शिलाई मशीन होतं, म्हणून त्यांना मान वळवता येत नव्हती. "बिल्डिंग बसणार शे ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी कॉम्प्युटरची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, दोनदा सांगितली. कुणाचा विश्वास बसेना. जमनाबेन म्हणाल्या, मंत्री आता बिल्डरला सामील झाला. शेवटी चार जणांना वर नेऊन पडद्यावरचं सी आणि डी दाखवलं. भिलाभाऊंनी बराच वेळ बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "चला. आता सामान उचला भाऊ."

उचललं. काय करतो? उरलेली सगळी दुपार मी डी च्या जिन्यात उभा राहून ओरडत होतो, "डी खाली करा, डी खाली करा." जमनाबेनचं कपाट मी आणि रतिलालभाईंनी उचललं. रतिलालभाई आनंदाने हातभार लावत होते, म्हणजे डी मधून बाहेर काढण्यापुरता.

दिवेलागणीला घरी आलो. म्हटलं, आता सी पुसून सिस्टिम टाकू आणि झोपू. पुसायचा हुकूम टाइप केला. मशीनने विचारलं, नक्की का? म्हटलं, बाबा रे, आज सगळ्यांनी विचारून झालंय, तू नको विचारू. हो म्हणून बटण दाबलं.

निम्म्याच्या पुढे गेल्यावर पडद्याकडे नीट बघितलं. मी डी टाइप केलं होतं.

सोमवारी शेठ नव्या सिस्टिमसमोर बसले. निळंशार, स्वच्छ. शेठ खूश. "वाह, केटलुं चोख्खुं," म्हणाले. "हवे पेलो पोपटी काढो, पार्टी बेठी छे." म्हणजे आता तो पोपटी रंग काढा, गिऱ्हाईक बसलंय.

मी चष्मा पुसला. पुन्हा लावला.

"शेठ," मी म्हटलं, "तुम्हाला तो साधारण कसा होता, आठवतोय का?"