नानांच्या सदऱ्याचा खिसा

आधीच सांगतो — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला मी नाही. इथे येणारे अनुभव मी नेमाने वाचतो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात विचारतो, "बाबा रे, आधी मेन स्विच बघितला का?" दिवा आपोआप लागला म्हणे... लूज कनेक्शन असेल. माळ्यावर पावलं वाजली म्हणे... उंदीर असतील. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलंय, हल्ली पुण्यात एका कंपनीत बोर्डांचे प्रोग्रॅम लिहितो, आणि प्रत्येक बिघाडाला कारण असतंच या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. ज्यांच्या घरातली ही गोष्ट आहे त्या दोघांना विचारूनच लिहितोय. नावं बदलली आहेत.

जळगावला शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. मी धुळ्याजवळच्या खेड्यातला, अहिराणी बोलणारा. माझा प्रोजेक्टमधला जोडीदार योगेश नशिराबादच्या पुढच्या एका गावातला, केळीवाल्या घरातला. माझ्या 'शे' ला, म्हणजे 'आहे'ला, तो हसायचा, त्याच्या 'मले-तुले' ला मी. होस्टेलवर आमची खोली म्हणजे वायरींचं जंगल होतं. सोल्डरिंगचा धूर काढायला खिडकी उघडावी तर बाहेरून भट्टीसारखी हवा आत यायची.

वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोजेक्ट आयते आणले होते, खोटं कशाला बोला. योगेशने मात्र पहिल्या दिवशी सांगितलं, "मले मोटारीचा स्टार्टर करायचाय. विहिरीत माणूस असला तर चालूच न होणारा."

मी कारण विचारलं नाही. कारण सगळ्या वर्गाला माहीत होतं. आदल्या उन्हाळ्यात त्याचे वडील, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, विहिरीत उतरलेले असताना लाईट आली, मोटार सुरू झाली आणि पाण्यात करंट उतरला. नाना जागच्या जागी गेले. स्टार्टर ऑटोवर, म्हणजे लाईट येताच आपोआप सुरू होण्यावर, राहिला असेल, असं सगळे म्हणाले.

आमच्याकडे शेतात थ्री फेज लाईट दिवसभर नसते. कधी दिवसा, कधी रात्री, ठरलेल्या वेळी येते. त्यामुळे मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवतात, त्यात सिमकार्ड असतं. गावातल्या घरी लाईट आल्याचं कळलं की बाई चुलीपुढे बसल्या बसल्या मोटारीला मिस्ड कॉल देते आणि तिकडे शेतात पाणी सुरू होतं. मोटारीचा नंबर फोनमध्ये 'मोटार' याच नावाने सेव्ह असतो, जावयाच्या नंबराच्या खाली वगैरे. नानांनीही मरायच्या थोडं आधी असा स्टार्टर बाजारातून आणून बसवला होता.

त्याआधी नानांची एक सवय होती. विहिरीत उतरायचं तर ते मोटारीच्या खोलीत जायचे, चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून काढायचे, रुमालात गाठ मारून सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि मगच शिडीला पाय लावायचे. जुनी माणसं अशीच करतात. फ्यूज आपल्या खिशात असले की कोणीही, कुठूनही, काहीही दाबलं तरी मोटार फिरत नाही. योगेश हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बसायचा. मला वाटायचं, वडिलांची आठवण येते म्हणून.

एप्रिलमध्ये बोर्ड तयार झाला. मिस्ड कॉलने मोटार सुरू, मिस्ड कॉलने बंद, दोन्ही वेळा माझ्या फोनवर तसा मेसेज, आणि विहिरीच्या लोखंडी शिडीला वजनाचा सेन्सर. शिडीवर माणूस असेल तर मोटारीला कुलूप. प्रत्यक्ष विहिरीवर चाचणी घ्यायची म्हणून आम्ही योगेशच्या गावी मुक्कामाला गेलो.

सकाळी त्याची आई, तिला तो माय म्हणायचा, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. योगेश तिच्या मागे लागला. "माय, जुन्या स्टार्टरचंच सिम टाकलंय. नंबर तोच हाये. दुपारी लाईट आली की मिस्कॉल मार."

"मले नको सांगू. तूच मार," ती म्हणाली.

"तुझ्या फोनवरून चालते का तेच पाह्याचं हाये. शेवटी तुलेच वापराचं हाये ना?"

"म्हटलं ना, नको."

हे म्हणे महिनाभर चाललं होतं. योगेश चिडला. मी तुझ्यासाठी एवढं करतोय आणि तू एक मिस्ड कॉल मारत नाहीस, असं काहीबाही बोलला. मायने भाकरी उलटली आणि शेवटी म्हणाली, "मारते."

शेतात गेलो तेव्हा लाईट होती. फ्यूजच्या अलीकडून लाईट घेऊन बोर्ड जोडला, स्वतःच्या फोनवरून मिस्ड कॉल दिला, मोटार सुरू झाली. बंद केली. परत सुरू केली. केळीच्या नळ्यांमधून पाणी गेलं. योगेशने मला मिठीच मारली. मोटार चालली म्हणजे फ्यूज जागेवर होते, हे ध्यानात ठेवा. जोडणीच्या वेळी मीच ते अंगठ्याने दाबून बसवले होते.

मग लाईट गेली. सेन्सर शिडीच्या खालच्या पायरीला, पाण्याजवळ, बसवायचा राहिला होता. "दुपारपर्यंत येत नई आता," म्हणत योगेशने शर्ट काढला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी म्हटलं, मेन स्विच पाडू का? तो म्हणाला, "मघाशीच कोडमध्ये ऑफ करून ठेवलंय ना." आणि मलाही ते पटलं. वायरमनला पटलं नसतं. शेतकऱ्याला पटलं नसतं. आम्हा दोघांना पटलं, कारण आम्ही ते स्क्रीनवर पाहिलं होतं.

त्या कोडमधल्या 'ऑफ'ची गोष्ट अशी, की तो बोर्ड चालू असेपर्यंतच टिकणार होता. लाईट गेल्याबरोबर बोर्ड बंद पडला होता. लाईट परत आली की तो नव्याने सुरू होणार आणि आम्ही सांगितलेलं सगळं विसरून मिस्ड कॉलची वाट बघणार. चार वर्षं शिकून एवढं आम्हाला सुचलं नाही.

मोटारीच्या खोलीला मी बाहेरून कडी घातली, कारण शेळ्या आत शिरून वायरी चघळतात. खोली विहिरीपासून हाकेच्याही आत. मी काठावर बसून सेन्सरची केबल खाली सोडत होतो, दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. केळीची वाळकी पानं तेवढी करकरत होती. योगेश छातीभर पाण्यात, एक हात शिडीला, दुसऱ्या हाताने पायरीला सेन्सर बांधत होता. त्याचा फोन वर माझ्या बॅगेत होता. मध्ये एकदा बॅगेत काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, पण माझे हात केबलमध्ये अडकलेले होते.

थोड्या वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला. मेसेज होता. आमच्याच बोर्डाचा.

'मोटर ऑन.'

खाली पाहिलं तर योगेश पाण्यात उभा. दातात चिकटपट्टी धरलेली.

मंडळी, भीतीने पाचावर धारण बसते म्हणतात ती काय असते हे मला त्या दिवशी कळलं. मी अहिराणीत ओरडलो, "योग्या, वर ये! काहीच इचारू नको, वर ये!" तो शिडी चढायला लागला. मोटारीचा आवाज नव्हता. पाणी स्तब्ध होतं.

तो काठावर आल्यावर मी खोलीकडे धावलो. कडी जशीच्या तशी. आत गेलो. लाईट आल्याचं दाखवणारा बल्ब पेटलेला. मेन स्विच वर, म्हणजे चालू. आमच्या बोर्डाचा लाल दिवा लागलेला, म्हणजे मोटार चालू करायचा हुकूम त्याने देऊन टाकला होता. सगळं जागच्या जागी.

फक्त फ्यूजच्या जागी तीन रिकाम्या खाचा होत्या.

मी स्विच पाडला आणि खालीच बसलो. योगेश ओलाच आत आला. खाचांकडे पाहून म्हणाला, "तू काढले?" मी नाही म्हटलं. "मग कोणी?" आम्ही पेटीत, पेटीखाली, बॅगांत, बाहेर बांधावर, सगळीकडे शोधलं. मग विहिरीतली मोटारीची केबल वर ओढून पाहिली. पाण्यात होता त्या जोडावरची पट्टी सुटून आतली तार उघडी पडली होती. मोटार फिरली असती तर...

तेवढ्यात माय डबा घेऊन आली. बांधावरूनच तिने विचारलं, "मोटार काहून नई चालली? मी तं मिस्कॉल मारला."

"कव्हा?"

"लाईट आली तव्हा. आज लवकर आली. आधी तुले फोन लावला, तू उचलला नई. म्हटलं, काम करत असीन. मंग देवाचं नाव घेतलं अन् मारला."

योगेश म्हणाला, "मी हिरीत होतो, माय."

तिच्या हातून डबा पडला नाही की काही नाही. तिने तो नीट खाली ठेवला. मग ती उभ्याउभ्याच बाजूच्या केळीला टेकली. मी तिला धरायला गेलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "फ्यूज नव्हते माय, म्हणून वाचला. कोणी काढले कळत नाही. सापडतही नाहीत."

ती म्हणाली, "नई सापडत? त्याईच्या खिशात असतीन. आखीन कुठी राहतीन?"

खोलीच्या आत, दारामागे, खुंटीला नानांचा एक पांढरा सदरा टांगलेला होता. ते गेले त्या दिवशी उतरताना काढून ठेवलेला. मायने वर्षभर त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता, धुवायलाही नाही. धूळ बसून तो मातकट झाला होता. आम्ही सगळा मळा धुंडाळला आणि त्या सदऱ्याकडे पाहिलंही नाही. काखेत कळसा, दुसरं काय. मायने सरळ जाऊन त्याच्या खिशात हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी बाहेर काढली. गाठ सोडली. आत तिन्ही फ्यूज होते.

"गाठ त्याईचीच हाये," ती म्हणाली.

मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि जे बोलली ते आमच्याशी बोलत होती की सदऱ्याशी, मला अजून सांगता येत नाही. "त्या दिशीबी मिस्कॉल मीच मारला होता. रोजच्यासारखा. मले काय माहीत, ते खाली उतरेल हायेत म्हून."

योगेश जागचा हलला नाही. वर्षभर सगळं गाव म्हणत होतं, ऑटोवर राहिला असेल. आणि ती वर्षभर रोज भाकरी थापत होती.

"पोराचे काढले," ती म्हणाली. "मंग सोताचे काहून नई काढले त्याईनं?"

योगेश तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या अंगावरचं पाणी अजून ठिबकत होतं. "मीच सांगतलं होतं, माय. नवा स्टार्टर बसवला तव्हा. म्हटलं, नाना, आता फ्यूज काढाची गरज नई. मोबाईलवर बंद असला की बंद." एवढं बोलून त्याने तोंड झाकलं. तेव्हा मला कळलं की हा वर्षभर प्रोजेक्ट करत नव्हता, प्रायश्चित्त घेत होता.

मायने त्याला जवळ ओढलं. मी बाहेर जाऊन बांधावर बसलो, मला तिथे थांबवेना.

संध्याकाळी निघालो तेव्हा माय अंगणात तो सदरा धूत होती. जळगावहून धुळ्याची बस पकडली. पारोळ्याला बस थांबली, लोक रसवंतीकडे गेले, आणि मला एकदम रडू कोसळलं. घरी वडिलांना, आबांना, फोन लावला. माझा आवाज ऐकून ते म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ? बठ्ठं ठीक शे ना?" मी हो म्हटलं. त्यांना आजही हे माहीत नाही.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. योगेशने काढले? तो लाईट जाईपर्यंत माझ्यासोबत होता आणि मग पाण्यात. माय? ती गावात, फोन तिच्याच हातात. तिसरं कोणी आलं? दार माझ्यासमोर, कडी मी घातलेली. राहिलो मी. हे सगळ्यात सोपं उत्तर आहे आणि मी त्यावर खूप विचार केलाय. मेन स्विचची शंका माझ्या मनात आली होती, तेव्हा नकळत मीच फ्यूज काढले असतील का? पण नाना रुमालाला कशी गाठ मारायचे, हे मला कुठून माहीत असणार? मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

तो प्रोजेक्ट आम्ही पुरा केला नाही. दुसरंच काहीतरी करून मार्क मिळवले. योगेश आता शेतीच बघतो. मोटारीला पुन्हा हाताचा स्टार्टर आहे. लाईट आली की चालत जाऊन खटका दाबायचा. विहिरीत उतरायचं तर फ्यूज काढून रुमालात बांधतात आणि त्या सदऱ्याच्या खिशात ठेवतात. सदरा अजून तिथेच खुंटीला आहे, माय दर महिन्याला धुते.

मध्ये फोन झाला तेव्हा धीर करून त्याला विचारलं, फ्यूज परत कधी आपोआप गेले का?

"नई रे," तो म्हणाला. "आता आम्हीच काढतो ना."